पावसातलं भाषण मत फिरवतं का? साताऱ्याचा पाऊस, इचलकरंजीचा पाऊस आणि कोल्हापूरचं ‘आमचं ठरलंय’

सभा आणि पाऊस हे दोन शब्द एकत्र आले की महाराष्ट्रात पुढचं काही सांगावं लागत नाही. सातारा, शरद पवार आणि अंगाला चिकटलेला ओला पांढरा शर्ट. २०१९ पासून हा फोटो आपल्या राजकारणात मुक्कामाला आहे. निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, ढग दाटून आले की कुणीतरी तो पुन्हा स्टेटसला ठेवतं. एखादा नेता भिजत बोलायला लागला की ‘आता निकाल फिरला’ म्हणणारेही लगेच भेटतात.

पण खरंच फिरतो का? एका भाषणाने माणूस आपलं मत बदलतो का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला कोल्हापूरसारखी जागा नाही. कारण पावसातली सभा इथे जवळच्या जिल्ह्यातही झाली आणि पाच वर्षांनी आपल्या जिल्ह्यातही झाली. नेता तोच, पाऊस तसाच, निकाल मात्र उलटे. दोन्ही निकाल समोर ठेवले की भाषणाचं वजन नेमकं किती, हे बऱ्यापैकी कळतं.

साताऱ्यात काय झालं होतं?

१८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. विधानसभेचं मतदान २१ तारखेला होतं. त्याच दिवशी सातारा लोकसभेची पोटनिवडणूकही होती. उदयनराजे भोसले मे महिन्यात राष्ट्रवादीच्या तिकिटावर सव्वा लाखाहून अधिक मतांनी खासदार झाले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. राष्ट्रवादीने त्यांच्यासमोर श्रीनिवास पाटील यांना उभं केलं. पाटील म्हणजे माजी सनदी अधिकारी, सिक्कीमचे माजी राज्यपाल आणि पवारांचे कॉलेजपासूनचे मित्र.

आदल्याच दिवशी साताऱ्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस कोसळायला लागला. ७८ वर्षांचा माणूस भिजत बोलत राहिला. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं. ती चूक दुरुस्त करायला सातारकर २१ तारखेची वाट पाहत आहेत, असं सांगितलं. पावसालाही त्यांनी वरुणराजाचा आशीर्वाद म्हटलं.

भाषण काही मिनिटांचंच होतं. पण रात्रीपर्यंत ते राज्यभरातल्या मोबाइलवर पोहोचलं. कोल्हापुरात तर ‘नाद खुळा’पासून ‘डोळ्यांत पाणी आलं’पर्यंत सगळं वाचायला मिळत होतं. एरवी राष्ट्रवादीला शिव्या घालणाऱ्यांनीही तो व्हिडिओ पुढे पाठवला. म्हातारा माणूस एकटा लढतोय, ही भावना पक्षाच्या पलीकडे गेली होती.

२४ ऑक्टोबरला निकाल लागला. श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी निवडून आले. राज्यात राष्ट्रवादी ४१ वरून ५४ जागांवर गेली. भाजप १२२ वरून १०५ वर आला. झालं, गणित जुळलं. पाऊस पडला, भाषण झालं, निकाल फिरला.

गणित इतकं सोपं आहे का?

आता जरा निकालपत्रक उघडून बघू.

सातारा लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात: वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. २१ ऑक्टोबरला इथल्या मतदारासमोर दोन यंत्रं होती. एकावर खासदार निवडायचा, दुसऱ्यावर आमदार. भाषण दोन्हींसाठी एकच होतं.

खासदारकीला राष्ट्रवादी जिंकली. आमदारकीला काय झालं? वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादीकडे आले, कराड दक्षिण काँग्रेसकडे. कोरेगाव आणि पाटण शिवसेनेने जिंकले. आणि ज्या साताऱ्यात पाऊस पडला, ज्या गावात सभा झाली, तिथे भाजपचे शिवेंद्रराजे भोसले आमदार झाले. सहापैकी तीन आघाडीला, तीन युतीला.

अख्खा जिल्हा बघितला तर चित्र अजून वेगळं दिसतं. सातारा जिल्ह्यात विधानसभेच्या ८ जागा आहेत. २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडे त्यातल्या ५ होत्या. २०१९ मध्ये, पावसातल्या सभेनंतर, ३ उरल्या. म्हणजे राज्यात पक्ष वाढला आणि ज्या जिल्ह्यात पाऊस पडला तिथे कमी झाला.

याचा अर्थ भाषण वाया गेलं असा नाही. अर्थ एवढाच की मतदार भाषणाच्या लाटेत वाहून गेला नव्हता. लोकसभेला प्रश्न होता, चार महिन्यांत पक्ष बदललेल्या खासदाराचं काय करायचं? विधानसभेला प्रश्न होता, आपल्या तालुक्यात कामाला कोण येतं? दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं आली. शिवेंद्रराजेंनीही निवडणुकीआधी पक्ष बदललाच होता, पण त्यांच्या मतदाराने त्यांना वेगळ्या तराजूत तोललं.

शिवाय भाषणाआधीच बरंच काही घडून गेलं होतं. शिखर बँक प्रकरणात ईडीने पवारांचं नाव घेतल्यावर २७ सप्टेंबरला ‘मीच ईडीच्या कार्यालयात येतो’ म्हणत त्यांनी वातावरण तापवलं होतं. पक्षातले मोठमोठे नेते एकामागून एक सोडून जात होते आणि पवार जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते. म्हातारा माणूस एकटा लढतोय ही गोष्ट महिनाभर शिजत होती. पावसाने तिला शेवटचा फोटो दिला.

कोल्हापुरात त्या वर्षी दोन पाऊस पडले

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या १० जागांपैकी शिवसेनेकडे ६, भाजपकडे २ आणि राष्ट्रवादीकडे २ होत्या. काँग्रेसकडे शून्य. २०१९ मध्ये काँग्रेस ४, राष्ट्रवादी २, शिवसेना १, जनसुराज्य १ आणि अपक्ष २. भाजप शून्य. युती ८ वरून १ वर आली.

साताऱ्यातल्या सभेची हवा १२० किलोमीटरवर इथे लागली, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. पण नीट बघा. ज्या पक्षाच्या नेत्याने ते भाषण केलं, त्या राष्ट्रवादीच्या जागा आधीही २ आणि नंतरही २. वाढली ती काँग्रेस.

कारण कोल्हापूरने त्या वर्षी दोन पाऊस पाहिले होते. ऑक्टोबरचा पाऊस मंचावर पडला. ऑगस्टचा पाऊस घरात शिरला होता.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. महामार्ग बंद पडला, शहरात बोटी फिरल्या, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्यातच मोफत धान्यासाठी दोन दिवसांहून अधिक काळ घर पाण्यात असल्याची अट घालणारा शासन निर्णय निघाला. पूरग्रस्त भागात बोटीतून फिरतानाचा एका मंत्र्याचा हसरा व्हिडिओ फिरला. तोही व्हायरलच होता. पावसातल्या भाषणाच्या दोन महिने आधीचा.

पूर हे एकमेव कारण होतं असं म्हणणंही चुकीचंच. पूर आला त्या शिरोळमध्ये अपक्ष निवडून आला, इचलकरंजीतही अपक्ष. प्रत्येक मतदारसंघाची गटातटाची भांडणं, बंडखोरी, गोकुळचं राजकारण हे सगळं आपापल्या जागी होतंच. मुद्दा इतकाच की कोल्हापूरच्या मतदाराकडे निर्णय घ्यायला स्वतःची भरपूर कारणं होती. ती साताऱ्याहून व्हिडिओने यायची गरज नव्हती.

‘आमचं ठरलंय’ हे वाक्य कोल्हापूरनेच दिलं

खरं तर याचं उत्तर कोल्हापूरने त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी दोन शब्दांत देऊन ठेवलं होतं: ‘आमचं ठरलंय’.

२०१९ च्या लोकसभेला कोल्हापुरात राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक उभे होते. आघाडी असूनही काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत त्यांच्या विरोधात काम केलं. शिवसेनेचे संजय मंडलिक तब्बल २ लाख ७० हजारांच्या फरकाने निवडून आले. त्या दोन शब्दांत उमेदवाराचं नाव नाही, पक्ष नाही, आश्वासन नाही. फक्त इतकंच की चर्चा संपली, निर्णय झाला.

इथलं मत असंच ठरतं. दूध संस्थेत ठरतं, सेवा सोसायटीत ठरतं, तालमीत आणि तरुण मंडळात ठरतं. भावकीत ठरतं. घरातल्या बायका आता बचत गटात ठरवतात. आपला गट कुठल्या बाजूला, पोराच्या नोकरीसाठी कोण फोन करेल, उसाचं बिल कोण वेळेवर देतं, दवाखान्यात रात्री कोण धावून येतं, या सगळ्याची बेरीज होऊन बटण दाबलं जातं. नेता सभेत येतो तेव्हा ही बेरीज बरीचशी झालेली असते.

मग लोक सभेला का जातात? कारण सभा हा आपल्याकडे कार्यक्रम असतो. ‘बिंदू चौकात या’ हे आव्हान कोल्हापुरातले पुढारी एकमेकांना उगाच देत नाहीत. चांगलं बोलणारा आला की विरोधी गटातला माणूसही गर्दीत मागे उभा राहून ऐकतो, टाळी वाजवतो आणि घरी जाऊन आपलंच बटण दाबतो. टाळी भाषणाला असते. मत वेगळ्या हिशोबाला असतं.

इचलकरंजीतला पाऊस

आता दुसरी सभा. नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा प्रचार. मतदानाला आठवडाही उरला नव्हता. इचलकरंजीत शरद पवार बोलायला उभे राहिले आणि पुन्हा पाऊस आला. नोव्हेंबरात, अवकाळी. पवार आता ८३ वर्षांचे होते. पावसात सभा झाली की निकाल चांगला लागतो, अशा अर्थाचं ते स्वतःच म्हणाले. गर्दीने ओरडून दाद दिली. काही मिनिटांत व्हिडिओ राज्यभर गेला. ‘सातारा रिपीट’ असे मथळेही लागले.

निकाल? इचलकरंजीत भाजपचे राहुल आवाडे ५० हजारांहून अधिक मतांनी जिंकले. पवारांच्या पक्षाचे मदन कारंडे हरले. जिल्ह्यात पवारांचा पक्ष तीन जागा लढला, तिन्ही गेल्या. दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्यासोबत असलेल्यांकडे गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीच्याच.

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये पहिला नियम शिकवतात: परिणाम मोजायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. निवडणुकीत हे शक्य नसतं. २०१९ आणि २०२४ मध्ये पाऊस आणि नेता सोडला तर जवळपास सगळंच बदललं होतं. पक्ष फुटला होता. घड्याळ चिन्ह अजित पवारांकडे गेलं होतं आणि थोरल्या पवारांना तुतारी फुंकणारा माणूस घेऊन नव्याने ओळख करून द्यावी लागत होती. इचलकरंजीत आवाडे कुटुंबाचं सहकारातलं जुनं जाळं होतं आणि ते आता भाजपसोबत होतं. राज्यभर लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा होत होते.

त्याच नोव्हेंबरात कोल्हापुरात आणखी एक सभा झाली होती. ५ तारखेला एकनाथ शिंदे यांनी इथूनच महायुतीची दहा आश्वासनं जाहीर केली. त्यात १,५०० चे २,१०० करण्याचं आश्वासन होतं. महाविकास आघाडीने ३,००० देऊ म्हटलं. शिंदेंच्या भाषणाचा कुणी भिजलेला फोटो काढला नाही, कुणी गाणं लावून रील केलं नाही. पण १,५०० रुपये आधीच खात्यात आलेल्या बाईला ते भाषण पडताळून बघता येत होतं. पासबुक तिच्या हातात होतं.

भाषणाचा विचार करताना हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऐकणाऱ्याच्या अनुभवात ज्याला जोड आहे ते भाषण रुजतं. ज्याला नाही ते नुसतंच आवडतं.

‘लाव रे तो व्हिडिओ’ची आठवण

पवारांचंच उदाहरण कशाला? २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी एकही उमेदवार न देता सभांचा धडाका लावला होता. इचलकरंजीत आणि साताऱ्यातही त्यांच्या सभा झाल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत पोहोचलं. भाषणकला म्हणून त्या सभांना तोड नव्हती. विरोधकसुद्धा त्या बघत होते.

राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. इचलकरंजी ज्या हातकणंगले मतदारसंघात येते, तिथे शिवसेनेचे धैर्यशील माने यांनी राजू शेट्टी यांना हरवलं.

आज त्या सभांना कुणी ‘निकाल फिरवणारं भाषण’ म्हणत नाही. भाषणात कमी काय होतं? काहीच नाही. पण ते ऐकून ज्याच्यापुढचं बटण दाबायचं तो उमेदवार त्या मंचावर नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाणारा कार्यकर्ताही नव्हता.

अभ्यास काय सांगतात?

हा प्रश्न जगात फार जुना आहे. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीत त्याच त्या मतदारांना महिनोनमहिने पुन्हा पुन्हा भेटून विचारलं होतं, मत कधी आणि कशाने ठरलं? १९४४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बहुतेकांचं मत प्रचार तापायच्या आधीच ठरलेलं होतं. प्रचाराने ते पक्कं केलं किंवा झोपलेलं जागं केलं. पूर्ण बाजू बदलणारे थोडेच निघाले. आणि रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा परिणाम जास्त दिसला.

२०१८ मध्ये जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतले ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत प्रचारामुळे कुणाला मत द्यायचं हे बदलण्याचं सरासरी प्रमाण जवळपास शून्य, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे करवीर तालुक्याला लावता येत नाहीत. तिथे दोन पक्ष, इथे प्रत्येक पक्षाचे दोन पक्ष. पण ‘ओळखीच्या माणसाचं बोलणं’ हा मुद्दा आपल्याला कुणी ओहायोहून येऊन सांगायला नको. आपल्याकडे त्याला कार्यकर्ता म्हणतात.

मग भाषण काहीच करत नाही?

करतं. पण ‘मत फिरवतं’ या शब्दात ते बसत नाही. चांगलं भाषण निदान चार गोष्टी करतं.

पहिली, कार्यकर्त्याला उभं करतं. २०१९ च्या ऑक्टोबरात राष्ट्रवादीचा कार्यकर्ता खचलेला होता. रोज कुणीतरी पक्ष सोडत होतं. ७८ वर्षांचा नेता भिजतोय म्हटल्यावर बूथवर बसायला लाजणारा माणूस दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडला. शेवटच्या दोन दिवसांत हे फार मोलाचं असतं.

दुसरी, आधीच ठरवलेल्या माणसाला ते बोलून दाखवायची हिंमत देतं. उदयनराजेंनी पक्ष बदलला हे अनेकांना खटकलं होतं. पण छत्रपतींच्या गादीविरुद्ध उघड बोलणं साताऱ्यात सोपं नाही. पवारांनी दोष उदयनराजेंपेक्षा स्वतःकडे घेतला. त्यामुळे मतदाराला गादीचा अपमान न करता विरोधी मत द्यायची वाट मिळाली. माझ्या मते त्या भाषणाची खरी ताकद पावसापेक्षा या वाक्यात होती.

तिसरी, काठावरच्या जागी काही हजार मतं हलवतं. कोरेगावात राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे हरले ते थोडक्यात. अशा लढतीत शेवटच्या दोन दिवसांची हवा महत्त्वाची असते. पण कोरेगाव हेही सांगतं की पावसानंतरही हरता येतं.

चौथी गोष्ट निकालानंतरची आहे आणि ती सगळ्यात मोठी आहे. निकालाला एक गोष्ट लागते. ५४ जागा हा नुसता आकडा असतो. पावसातला फोटो त्याला कहाणी देतो. त्या कहाणीच्या जोरावर निकालानंतरच्या महिनाभराच्या वाटाघाटीत पवार मध्यभागी आले आणि २८ नोव्हेंबर २०१९ ला महाविकास आघाडीचं सरकार शपथ घेताना दिसलं. भाषणाने निकाल मोठा केला असं आपण म्हणतो. खरं तर निकालाने भाषण मोठं केलं. साताऱ्यात श्रीनिवास पाटील हरले असते तर तो व्हिडिओ आज कुणाच्या मोबाइलमध्ये असता? इचलकरंजीचा किती जणांकडे आहे?

याने मतदाराला काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो आपल्याच खिशातला आहे.

‘भाषणाने निकाल फिरला’ असं एकदा मान्य केलं की निवडणुकीचं सगळं श्रेय मंचावरच्या माणसाला जातं. मतदाराने कशासाठी मत दिलं होतं, हे कुणी विचारतच नाही. २०१९ मध्ये कोल्हापूरच्या मतदाराने पुराचा राग मतपेटीत टाकला असेल, तर त्याचा निरोप होता: पुन्हा असं होऊ देऊ नका. पण निकालाची कहाणी ‘पवारांचा पाऊस’ अशी लिहिली गेली आणि पंचगंगेचा पाऊस मागे पडला. जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा गावात आली. पूररेषेतली बांधकामं, अलमट्टीच्या पाण्याचं नियोजन, स्थलांतराची व्यवस्था यावर कुणाचं भाषण व्हायरल झालेलं तुम्हाला आठवतं का?

इचलकरंजीचं तर विचारूच नका. ज्या शहरात नेत्याच्या अंगावर पडलेल्या पावसाची राज्यभर चर्चा झाली, त्या शहराला नळाचं पाणी काही दिवसांआड मिळतं. वारणेतून पाणी आणायचं ठरलं तर दानोळीत विरोध झाला. दूधगंगेतून सुळकूड योजना आणायची ठरली तर कागल भागात विरोध झाला. विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांचंही म्हणणं खोटं नाही. आपली पंचगंगा प्रदूषित करून आमच्या नदीचं पाणी का मागता, हा त्यांचा प्रश्न आहे. यंत्रमागाच्या शहराला पाणी कुठून द्यायचं, हे ठरवण्यासाठी एका शहरात एक आणि दुसऱ्या गावात दुसरं न बोलणारा पुढारी लागतो. भिजायला तयार असणारे पुढारी बरेच सापडतील. हे दोन्हीकडे एकच बोलणारे कमी.

शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. लोकसभेला या विरोधाचा आवाज कोल्हापुरात मोठा होता. काँग्रेसचे शाहू महाराज दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले, त्याच्या कारणांत हा विषयही धरला गेला. विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातलं भूसंपादन रद्द झाल्याचं सांगितलं गेलं. निवडणूक झाली आणि महामार्गाचा विषय पुन्हा वर आला. लाडकी बहीण योजनेचे २,१०० रुपयेही मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत. ही दोन्ही आश्वासनं भिजून दिलेली नव्हती, कोरड्या मंचावरून दिलेली होती. तरीही ती वाहून गेली.

दोष फक्त पुढाऱ्यांचा नाही. आम्ही डिजिटलवाले पावसातल्या सभेची बातमी दहा मिनिटांत लावतो, कारण तुम्ही ती लगेच उघडता. सुळकूड योजनेची बातमी तुम्ही उघडत नाही म्हणून ती खाली जाते. खाली जाते म्हणून तुम्हाला दिसत नाही. हे चक्र दोघांनी मिळून चालवलेलं आहे.

भाषण आवडलं तर जरूर आवडू द्या. उतारवयातला माणूस पावसात उभा राहतो, तेव्हा गलबलून येणं हे माणूसपणाचं लक्षण आहे. त्यात भोळेपणा काही नाही. तुम्ही भावनेच्या भरात मत देता असं जे तज्ज्ञ म्हणतात, त्यांना साताऱ्याचं निकालपत्रक दाखवा. एकाच दिवशी, एकाच भाषणानंतर तिथल्या मतदारांनी खासदार एका बाजूचा निवडला आणि आमदार निम्मे दुसऱ्या बाजूचे. इतका थंड डोक्याचा मतदार भाषणाला घाबरत नाही.

फक्त पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की तो पाठवण्याआधी एक गोष्ट करून बघा. आवाज बंद करा, पाऊस विसरा आणि त्या भाषणात तुमच्या गावाबद्दल, तुमच्या नदीबद्दल, तुमच्या नळाबद्दल पडताळून बघता येईल असं एक तरी वाक्य आहे का, ते शोधा. सापडलं तर तेवढंच वाक्य तारखेसकट जपून ठेवा. पाच वर्षांनी तोच नेता पुन्हा मत मागायला येईल, तेव्हा ते त्याला ऐकवता येईल.

‘आमचं ठरलंय’ म्हणण्यात कोल्हापूरकर पटाईत आहेत. काय मिळालं तर ठरलंय आणि काय मिळालं नाही तर मोडलंय, हेही आता सांगायला हवं.